सहा कोंबड्यांचे आवार: जाळीच्या उंचीआधी पाण्याचा विचार

आपण विचारले आहे की घरामागे १२ फूट लांब आणि १० फूट रुंद मोकळी जागा आहे, तिथे अंड्यांसाठी सहा कोंबड्या पाळायच्या आहेत, षटकोनी जाळीचे एक बंडल हाताशी आहे, तर ही जाळी किती उंच लावावी, वरून छत घालावे की नाही आणि खाली सिमेंटचा कोबा करावा की माती तशीच ठेवावी. शेवटी जाता जाता आपण हेही लिहिले आहे की जागा मधोमध थोडी खोलगट असल्यामुळे पावसानंतर दोन-तीन दिवस तिथली ओल हटत नाही. माझ्या मते आपला खरा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. बरीच वर्षे मी लहान कळपांसाठी खुराडी आणि आवारे आखून देण्याचे व बिघडलेली दुरुस्त करण्याचे काम करतो. दुरुस्तीसाठी बोलावणे येते तेव्हा तक्रार दुर्गंधीची असते, माश्यांची असते, किंवा पिल्ले टिकत नाहीत अशी असते. पण खाली वाकून मूठभर माती उचलली की बहुतेक वेळा कारण हातातच येते, आणि ते म्हणजे ओल. म्हणून आपल्या प्रश्नांची उत्तरे मी थोडी उलट्या क्रमाने देतो: आधी जमीन आणि पाणी, मग छत, मग जाळी आणि शेवटी आतली मांडणी.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. आपल्याकडे पाऊस किती पडतो, उन्हाळा किती कडक असतो, आसपास कोणते प्राणी फिरतात आणि रोज या कामाला आपण किती वेळ देऊ शकता, यांवर आराखड्याचा बराच भाग ठरतो. मी पुढे देत असलेली मापे मध्यम आकाराच्या कोंबड्यांसाठी आणि दिवसाचा बहुतेक वेळ आवारातच राहणाऱ्या कळपासाठी आहेत. कोंबड्या संध्याकाळी तासभर बागेत मोकळ्या सुटणार असतील तर काही बाबतींत सैल राहिले तरी चालते. पण रात्रीच्या सुरक्षिततेत आणि जमिनीच्या कोरडेपणात मात्र सवलत नाही.

ओलीला इतके महत्त्व का, ते पाहू. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक विष्ठा टाकते आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. सहा कोंबड्यांची ही विष्ठा महिन्याला १८ ते २० किलो होते. जमीन कोरडी असेल तर ती काही तासांत सुकते, कोंबड्यांच्या उकरण्याने मातीत मिसळते आणि हळूहळू कुजून जाते. जमीन ओली असेल तर तीच विष्ठा आंबते, तिच्यातून अमोनिया सुटतो, माश्यांच्या अळ्या वाढतात आणि जे डोळ्यांना दिसत नाही ते सर्वांत वाईट घडते. रक्ती हगवणीला कारण होणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवींची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच रोग पसरवू शकत नाहीत. त्यांना पक्व होण्यासाठी ओल, ऊब आणि हवा लागते. २५ ते ३० अंश तापमानात आणि ओलसर जमिनीत हे काम एक-दोन दिवसांत उरकते. कोरड्या जमिनीत त्यांतली पुष्कळशी अंडी वायाच जातात. मोठ्या कोंबड्या बहुधा तग धरतात, पण कोवळी पिल्ले आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) याच हगवणीने जातात. औषधे आहेत, ती वेळेवर द्यावीतच; पण आवार ओलेच राहिले तर औषधाचा कोर्स संपताच पुन्हा तेच सुरू होते.

तेव्हा पहिले खांब रोवण्याआधी एकदा जोराचा पाऊस पडू द्या आणि छत्री घेऊन तिथे उभे राहा. पावसाळा लांब असेल तर नळाची पाइप लावून तासभर पाणी सोडा. पाणी कोठून येते, कोठे थांबते आणि कोणत्या बाजूने निघून जाऊ पाहते, हे तिन्ही बघा. अनेकदा असे आढळते की खळग्यातले पाणी त्या जागेवर पडलेले नसतेच. घराच्या छपराची वळचण त्या बाजूला गळत असते किंवा वरच्या अंगाने वाहत आलेले पाणी तिथे विसावते. वळचणीला पन्हळ लावणे आणि आवाराच्या वरच्या बाजूला वीतभर खोल चर काढून ते पाणी बाहेरच्या बाहेर वळवणे, एवढ्या दोन कामांनी अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी भराव घाला. आवाराची जमीन आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा ते नऊ इंच उंच करा. खाली खडी किंवा विटांचे तुकडे, त्यावर मुरूम आणि सर्वांत वर जाडी वाळू मिसळलेली माती. पृष्ठभाग अगदी सपाट न ठेवता एका कडेला उतार द्या. दहा फुटांत अडीच इंचांचा उतार डोळ्यांना जाणवतही नाही, पण पाण्याला पुरतो.

आता छत. आपल्या जागेत पूर्ण छत घालावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण सोपे आहे. १२० चौरस फुटांतून खुराड्याची जागा वजा केली तर प्रत्येक कोंबडीच्या वाट्याला जेमतेम १५ ते १६ चौरस फूट उरतात. हे क्षेत्र कोंबडीच्या हालचालीला पुरेसे आहे. साधारणपणे खुराड्याच्या आत चार चौरस फूट आणि बाहेर आवारात किमान दहा चौरस फूट प्रत्येकीला द्यावेत असे धरले जाते. पण एवढ्या जागेत गवत टिकत नाही. सहा कोंबड्या काही आठवड्यांत ते मुळासकट उकरून काढतील आणि उघडी माती उरेल. उघड्या मातीवर पाऊस पडला की चिखल होणारच. १२० चौरस फुटांवर २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे २८० लिटर पाणी पडते, म्हणजे मोठे पिंप भरून वर उरेल इतके. ते सारे विष्ठा मिसळलेल्या मातीत मुरवायचे की पन्हळीने बाजूला न्यायचे, एवढाच निर्णय आपल्यापुढे आहे. हिरवे आवार हवे असेल तर याच्या कितीतरी पट मोठी जागा लागते आणि तिचे दोन-तीन भाग करून कोंबड्या आलटून पालटून सोडाव्या लागतात, म्हणजे एका भागाला काही आठवडे विसावा मिळतो. आपल्याकडे ती सोय नाही, तेव्हा हिरवळीची आशा सोडून कोरड्या, उकरता येण्याजोग्या जमिनीचे आवार करणे हेच शहाणपणाचे आहे. हिरवा पाला तोडून आत टांगता येतो.

छताचे आणखी दोन लाभ आहेत. घार आणि शिक्रा यांचा प्रश्न मिटतो, आणि रानपक्ष्यांची विष्ठा थेट आवारात पडत नाही. बर्ड फ्लूसारखे रोग ज्या वाटांनी पाळीव कोंबड्यांपर्यंत पोहोचतात त्यांपैकी ही एक मोठी वाट आहे. छत पत्र्याचे असेल तर दहा फुटांत एक फूट उतार ठेवा, पाऊस ज्या दिशेने झोडपतो त्या बाजूला पत्रा दीड फूट बाहेर काढा आणि खालच्या कडेला पन्हळ लावा. पत्रा तापतो, हे खरे आहे. म्हणून छताची खालची कड सात फुटांच्या आत आणू नका, पत्र्यावर पांढरा रंग किंवा चुना द्या आणि शक्य असल्यास वर पालापाचोळ्याचे किंवा गवताचे शाकारणी आच्छादन घाला. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असते आणि तिला घाम येत नाही. धापा टाकून आणि पंख पसरूनच ती अंग थंड करते. हवा ३० अंशांच्या वर गेली की तिला ताण जाणवू लागतो, म्हणून सावली आणि वाहता वारा या तिच्यासाठी अन्नपाण्याइतक्याच गरजेच्या गोष्टी आहेत. उष्ण हवामानात आवाराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन केवळ अरुंद बाजूंनीच आत शिरते. आपल्या जागेत लांबी आणि रुंदीत फारसा फरक नसल्याने दिशेचा फार विचार करू नका. पश्चिमेकडून एखादा वेल चढवला तरी पुरेल.

छत घातले की जाळीच्या उंचीचा प्रश्न उरत नाही, कारण जाळी छतापर्यंत जाणारच. पण कोणती जाळी, हा प्रश्न उरतो आणि तो उंचीपेक्षा मोठा आहे. आपल्याकडे असलेली षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवण्याची ताकद तिच्यात नाही. ती बारीक तारेला पीळ देऊन विणलेली असते. कुत्र्याने दातात धरून दोन-चार हिसके दिले की पीळ सुटतो आणि एक घर फाटले की शेजारची घरे आपोआप उसवत जातात. शिवाय तिची भोके मोठी असतात. संध्याकाळी जाळीला टेकून बसलेल्या कोंबडीला मांजर किंवा मुंगूस आत न शिरताही पकडू शकते. पंजा भोकातून आत जातो, मान किंवा पाय हाती लागतो आणि पुढचे सांगायला नको. म्हणून खालचे तीन फूट अर्ध्या इंचाच्या भोकाची वेल्डमेश जाळी, म्हणजे आडव्या-उभ्या तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी भोकांची जाळी, लावा. तिच्यातून पंजा जात नाही, मोठा उंदीर जात नाही, घूस तर नाहीच. तीन फुटांच्या वर आपली षटकोनी जाळी दुहेरी करून वापरता येईल, म्हणजे बंडल वाया जाणार नाही; मात्र आसपास रानमांजर किंवा सराईत चढणारा दुसरा प्राणी फिरत असेल तर वरपर्यंत वेल्डमेशच घ्या. खर्च वाढेल, पण आवाराच्या ज्या भागावर पैसे वाचवू नयेत असा हाच एक भाग आहे. खांब साधे चालतील, पत्रा जुना चालेल, जाळी हलकी चालणार नाही.

जाळी खांबाच्या बाहेरच्या अंगाने ठोका. प्राणी बाहेरून ढकलतो तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. आतून ठोकलेली असेल तर तोच धक्का खिळ्यांना उपटून काढतो. यू आकाराच्या खिळ्यांऐवजी रुंद वायसर घातलेले स्क्रू वापरा आणि दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे त्या किमान तीन इंच एकमेकींवर चढवून बाइंडिंग तारेने शिवून घ्या. आणि काम संपल्यावर एक गोष्ट विसरू नका: लोहचुंबक दोरीला बांधून संपूर्ण जमिनीवरून फिरवा. जाळी कापताना तारेचे नखाएवढे तुकडे उडून मातीत पडतात, ते चमकतात आणि कोंबडी चमकणारी वस्तू हमखास टिपते. ते तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या तिच्या जाड पोटात, जाऊन रुततात, तिची भिंत फाडतात, आणि जस्ताचा मुलामा असेल तर विषबाधाही होते. चुंबकाला चिकटून आलेला ढीग पाहिला की या कामाचे मोल कळते.

जमिनीखालून येणाऱ्यांसाठी जाळी खोल पुरावी असे सांगितले जाते. मी त्याऐवजी आडवी जाळी अंथरतो. उभ्या जाळीच्या तळाला दीड ते दोन फूट रुंदीची वेल्डमेश पट्टी तारेने शिवायची आणि ती बाहेरच्या बाजूला जमिनीवर सपाट पसरून तिच्यावर माती आणि दगड टाकायचे. उकरणारा प्राणी नेहमी कुंपणाच्या अगदी मुळाशीच उकरतो. तिथे पंजाला जाळी लागली की तो डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, पण दोन फूट मागे जाऊन तिथून भुयार काढावे असे त्याला सुचत नाही. घूस मात्र चिकाटीची असते आणि लांबूनही बीळ काढते. तिचा वावर असेल तर आवाराच्या तळातही भरावाखाली जाळी अंथरणे इष्ट. आडव्या जाळीचा फायदा असा की खणणे वाचते आणि गंजली की उचलून बदलता येते. आपली जमीन ओलसर आहे, त्यामुळे पुरलेली उभी जाळी तिथे लवकर गंजेल, हेही लक्षात घ्या.

माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चोऱ्या जाळी फाडून झालेल्या नाहीत. त्या दारातून झालेल्या आहेत. दाराखाली राहिलेली दोन बोटांची फट, झिजून सैल झालेली बिजागरी, नुसती अडकवलेली कडी. दाराला खाली दगडाचा किंवा सिमेंटचा उंबरा करा, दार त्यावर घट्ट टेकले पाहिजे. दोन खिट्ट्या लावा, एक वर आणि एक खाली, म्हणजे कोपरा वाकवून आत शिरता येणार नाही. दाराची रुंदी अडीच फुटांपेक्षा कमी नको, कारण घमेले आणि फावडे घेऊन आत जायचे आहे. आणि उंची आपल्या उंचीपेक्षा जास्तच हवी. हे सुखसोयीचे म्हणून सांगत नाही. ज्या आवारात वाकून शिरावे लागते त्याची सफाई पहिल्या महिन्यानंतर लांबणीवर पडू लागते, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की उंचीला मी आरोग्याचाच भाग मानतो.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: पाणी बाहेर वळवा, जमीन उचला, पूर्ण छत घाला, खाली तीन फूट वेल्डमेश लावून तिची झालर बाहेर पसरा आणि दाराची फट बुजवा. आता आतल्या भागाकडे वळू.

कोबा की माती, हा आपला तिसरा प्रश्न. कोब्याने उकरणारे प्राणी थांबतात आणि तो धुता येतो, म्हणून तो अनेकांना आवडतो. पण धुतला की पुन्हा ओल आली, आणि कोंबडीला दिवसाचा मोठा भाग उकरत घालवायचा असतो, ते कोब्यावर होत नाही. कठीण जमिनीवर सतत चालून तळपायाला जखमा आणि गळवे होतात. मी भरावाची माती ठेवून तिच्यावर गादी करण्याच्या मताचा आहे. चारी बाजूंनी आतून आठ-दहा इंच उंचीच्या फळ्या लावा आणि त्यांच्या आत भाताचे तूस, लाकडाचा जाडा भुसा, सुकी पाने, बारीक केलेल्या सुक्या काटक्या असे मिश्रण चार ते सहा इंच पसरा. फळ्या नसतील तर कोंबड्या दोन दिवसांत सगळे जाळीबाहेर उधळून देतात. या गादीत विष्ठा मिसळत राहते आणि तिचे हळूहळू खत होते. तिची पारख हाताने करायची असते. मूठभर गादी उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, कोरडे तूस घालून खोऱ्याने वरखाली करा. हलकेच मोकळी झाली तर ठीक. धूळ उडू लागली तर फार कोरडी आहे आणि कोंबड्यांच्या श्वासनलिकेला त्रास होईल, तेव्हा थोडासा शिडकावा करा. बुरशी लागलेला पेंढा किंवा भुसा मात्र स्वस्त मिळाला तरी आत आणू नये, कारण त्या बुरशीचे कण फुप्फुसांत जाऊन असा आजार होतो की त्यावर उपचार जवळजवळ नाही. खाली आधीच कोबा झाला असेल तर तो फोडू नका. त्यावर हीच गादी सहा इंच जाडीची करा.

पाण्याचे भांडे हे छताखालच्या आवारातले सर्वांत ओले ठिकाण असते. एका कोंबडीला दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते आणि कडक उन्हाळ्यात ते दुप्पट होऊ शकते. त्यातले बरेच ती चोचीने आजूबाजूला शिंपडते. म्हणून भांडे गादीवर ठेवू नका. उताराच्या खालच्या कडेला खडीचा एक चौकोन करा, त्यावर विटांच्या आधाराने जाळीची फळी ठेवा आणि तिच्यावर कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असे भांडे मांडा. सांडलेले पाणी खडीत जाईल आणि गादी कोरडी राहील. खाद्य तिथून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. प्रत्येकीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. ते रात्री झाकून किंवा उचलून ठेवले नाही तर उंदीर येतात आणि उंदरांमागून साप येतो.

खाद्याचे भांडे एकच ठेवू नका, ही सूचना सहा कोंबड्यांसाठीही लागू आहे. कोंबड्यांमध्ये वरच्या-खालच्या क्रमाची पक्की उतरंड असते आणि सर्वांत खालच्या क्रमाच्या कोंबडीला एकाच भांड्यापाशी कोणी टेकू देत नाही. दोन भांडी अशा ठिकाणी ठेवा की एका भांड्यापासून दुसरे दिसणार नाही. मध्ये एक आडवी फळी, झाडाचा एखादा जाड ओंडका, उभा केलेला लाकडी पाट असे अडसर असू द्या. टोचली जाणारी कोंबडी त्यांच्या आड गेली की टोचणारी बहुधा तिला विसरते. उलट, ज्या कोपऱ्यातून निसटायला वाट नाही असे कोपरे टाळा. खुराडे आवाराच्या कोपऱ्यात ठेवताना त्याच्या मागे अडकण्याजोगी बोळ राहत नाही ना, हे बघा. जखमी, पिसे उपटलेली कोंबडी पाहून लोक टोचणाऱ्या कोंबडीला दोष देतात. मी आधी जागेची मांडणी बदलून पाहतो.

धूळस्नानासाठी दोन फूट बाय दोन फुटांचा, आठ-दहा इंच खोल कोपरा राखून ठेवा आणि त्यात कोरडी बारीक माती, वाळू व लाकडाची चाळलेली राख भरा. अंगावरच्या उवा आणि पिसांवरचे जुने तेल काढून टाकण्याचा कोंबडीचा हाच मार्ग आहे. हा कोपरा छताच्या मधल्या भागात हवा, कारण कडेला ठेवला तर पहिल्याच वादळी सरीत त्याचा चिखल होतो.

रात्रीचे खुराडे आवारातच, पण जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर ठेवा. खाली कोंबड्यांना सावली मिळते, उंदरांना लपायला जागा मिळत नाही आणि ओल वर चढत नाही. २४ ते २८ चौरस फुटांचे खुराडे सहांना पुरते. बसण्याच्या दांड्यावर प्रत्येकीला आठ ते दहा इंच लागतात, म्हणजे एकूण पाच फुटांचा दांडा. तो गोल बारीक काठीचा नको; दोन इंच रुंद, कडा घासून गोलसर केलेला घ्या, म्हणजे पायाचा तळवा त्यावर नीट टेकतो. दांडा अंडी घालण्याच्या पेटीपेक्षा उंच असावा. कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा शोधते, आणि ती जागा पेटीची कड असेल तर रात्रभराची विष्ठा पेटीत पडून सकाळची अंडी घाण होतात. पेटी एक फूट बाय एक फूट, थोडी अंधारी, आणि सहांसाठी दोन पुरतात.

हवा खेळती हवी, पण झोत अंगावर नको. म्हणून झरोके दांड्यावर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताच्या लगत, समोरासमोरच्या भिंतींत ठेवा आणि त्यांना अर्ध्या इंचाची जाळी लावा. थंड प्रदेशात लोक हे झरोके बुजवून टाकतात आणि तिथेच चुकते. कोंबडीला कोरडी थंडी सोसते, दमट कोंदट हवा सोसत नाही. तपासायचे असेल तर पहाटे दार उघडल्या उघडल्या नाक दांड्याच्या उंचीवर नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा तिखट वास आला तर अमोनिया हानिकारक पातळीवर पोहोचला आहे असे समजा. हे पहिल्याच श्वासात ठरवावे लागते, कारण थोड्या वेळात नाक त्या वासाला सरावते.

दांडा खिळ्यांनी पक्का ठोकू नका. दोन्ही बाजूंना खाचा करून त्यांत नुसता बसवा. रेड माइट नावाची बारीक कीड दिवसा दांड्याच्या टोकाशी, फटींमध्ये लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ती दिसत नाही. रात्री विजेरी घेऊन जा आणि पांढरा कागद दांड्याच्या खालच्या बाजूने घासून बघा. कागदावर तांबडे फराटे उमटले तर कीड आहे. उष्ण हवेत तिची एक पिढी आठवडा-दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे दांडा सहज निघत असेल तर तो बाहेर काढून उकळते पाणी ओतणे, उन्हात वाळवणे आणि खाचा स्वच्छ करणे हे काम वेळेवर होते. ठोकलेला दांडा कोणी काढत नाही.

कोंबडे ठेवायचे की नाही, हे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो: अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, तो फक्त पिल्लांसाठी लागतो, आणि शेजारी जवळ असतील तर पहाटेच्या आरवण्यावरून कुरबुर होतेच. आपल्या वस्तीत कोंबड्या पाळण्याबाबत काही नियम आहेत का, खुराडे घराच्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर असावे, हे खांब रोवण्याआधी विचारून घ्या.

शेवटची सूचना पुढच्या वर्षाची आहे. सहांपैकी एखादी जाईल, एखादी अंडी घालणे थांबवील आणि आपण दोन नव्या कोंबड्या आणाल. नव्यांना पहिले तीन-चार आठवडे जुन्यांपासून पूर्ण वेगळे, शक्य तर आवारापासून दूर ठेवावे लागते, म्हणजे त्यांच्याबरोबर आलेला आजार तिथेच कळून येतो. त्यानंतरही त्यांना थेट मिसळले तर जुन्या कोंबड्या त्यांना रक्तबंबाळ करतात. म्हणून आवार बांधतानाच दाराच्या विरुद्ध बाजूचा चार फुटांचा भाग वेगळा करता येईल अशी खाच दोन खांबांत ठेवा आणि तिच्यात बसेल अशी जाळीची एक चौकट बनवून भिंतीला टांगून ठेवा. वेळ येईल तेव्हा ती चौकट खाचेत सरकवायची, नव्यांना आठ-दहा दिवस पलीकडे ठेवायचे, दोन्हींकडची भांडी जाळीच्या जवळ मांडायची आणि एकमेकींना पाहून त्यांचे फुसफुसणे थांबले की संध्याकाळच्या वेळी, दांड्यावर चढण्याच्या सुमारास, चौकट काढून घ्यायची. खाच आत्ता ठेवली तर ती सुताराच्या अर्ध्या तासाच्या कामात होते. नंतर करायची झाली तर जाळी उसवावी लागते.